निवाडपत्रे

मराठा अमदानीतील वादांच्या लेखी निर्णयांस निवाडपत्रे म्हणत. त्यांत अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरीरी (निवेदने), साक्षीपुरावा आणि निर्णय नमूद असे. हरलेल्या पक्षाकडून येजितखत (पराभवाची लेखी कबुली) घेत. छापील निर्णयसंग्रहांच्या अभावी वतनाचा वाद पुन्हा उद्‌भवल्यास जुने निवाडपत्र वा महजर हाच मोठा आधार ठरे. कागद गहाळ झाल्यास हक्क धोक्यात येई. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रे जमविली. १९२६ मध्ये धुळे येथे त्यांचे निधन झाले व १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापन झाले. अशा पत्रांतील काल, शिक्का व साक्षी अभ्यासकास पडताळाव्या लागतात. कारण जपलेला कागद बहुधा जिंकलेल्या पक्षाचा असतो.