गाभोळीचा हिशोब

मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला, ओढे फुगले, की कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर बातमी फिरते, वलगण लागली! नदीतले मासे पाण्याच्या उलट्या दिशेने ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरांत चढतात. रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं निघतात. कुणी पाग टाकतं, कुणी बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावतं. दुसऱ्या दिवशी घरोघरी गाभोळी शिजते. आम्हीही ती खाऊनच मोठ्या झालो.

पण मासा चढतो कशाला? अंडी घालायला. आमच्या गटांच्या बैठकीत म्हाताऱ्या बाया सांगतात, पूर्वी टोपली भरायची, आता कालवणापुरते मिळाले तरी खूप. मग कुणीतरी विचारतं, एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, चार माद्या खाल्ल्या तर असं काय बिघडतं?

हा प्रश्न जुना आहे. १८८३ साली लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्सले या नामवंत शास्त्रज्ञाने सांगितलं होतं की समुद्रातली मोठी मासेमारी कधी संपणारी नाही. तेव्हा अनेकांना ते पटलं. पुढे १९१४ साली नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी दाखवलं की पिल्लांचं नशीब बरंचसं पहिल्या काही दिवसांतच ठरतं. अंडी लाखो असली तरी त्यातली बहुतेक पिल्लं मरतात. त्या दिवसांत खाणं मिळालं, पाणी मानवलं, तर त्या वर्षी पीक भरघोस येतं. नाहीतर माद्या तेवढ्याच असूनही पिल्लं थोडी.

मग माद्या किती आणि पिल्लं किती, याचा हिशोब कुणी मांडला? कॅनडाच्या विल्यम रिकर यांनी १९५४ साली, आणि इंग्लंडच्या बेव्हर्टन व होल्ट यांनी १९५७ साली. त्यांच्या गणिताचा अर्थ आपल्या भाषेत असा. माद्या भरपूर असतील, तर आणखी वाढल्या म्हणून पिल्लं तेवढी वाढत नाहीत, कारण जागा आणि खाणं ठरलेलं असतं. म्हणून थोड्या माद्या पकडल्या तरी सुरुवातीला फरक दिसत नाही. पण माद्या फारच कमी झाल्या, की त्यांच्याबरोबर पिल्लंही घटत जातात. फसगत होते ती इथेच. बरीच वर्षं काही बिघडलेलं दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्या बचत गटात आपण व्याज वापरतो, मुद्दलाला हात लावत नाही. माशांचं व्याज तर दरवर्षी सारखंही नसतं. एका पावसाळ्यात भरपूर, दुसऱ्यात जवळपास शून्य. म्हणून वाईट वर्ष निभावण्याइतकं मुद्दल, म्हणजे अंडी घालणाऱ्या माद्या, राखून ठेवाव्या लागतात.

हे न पाळल्यास काय होतं, ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने पाहिलं. मोठमोठ्या जहाजांनी तिथला कॉड मासा इतका उपसला, की १९९२ साली सरकारला त्याची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. बंदी उठली ती २०२४ साली, आणि तीही थोडाच मासा पकडायची मुभा देऊन.

आपल्या किनाऱ्यावर मुद्दल राखण्याची रीत आधीपासून होती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा बाहेर पडायचं. यंत्राच्या बोटी आल्या आणि रीत पुरेशी राहिली नाही. राज्याने १९८१ साली समुद्री मासेमारीचा कायदा केला. आता १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद असतात. तरीही पापलेट घटत गेला. सातपाटीकडे ज्याला भिलजी म्हणतात, ती त्याची पिल्लंच जाळ्यात येऊ लागली. २०२३ साली सरकारने पापलेटला राज्य मासा ठरवलं आणि ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपला ओढा या नियमांत येत नाही. नदीत सुरुंग लावायला आणि विष टाकायला मात्र १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. तळ्यात सोडायला आपण रोहू, कटल्याचं बी विकत आणू शकतो, कारण १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी कटकला इंजेक्शन देऊन अशा माशांकडून अंडी घालून घेण्याची युक्ती साधली. ओढ्यातल्या लहानसहान माशांचं बी असं विकत आणून भागत नाही. त्यांचं बी म्हणजे वलगणीला चढणारी मादीच.

मासा घटला तो फक्त वलगणीमुळे, असं आम्ही म्हणत नाही. नदीत सांडपाणी येतं, ओढ्यांच्या वाटा बुजवल्या जातात, बांध आडवे येतात. पण उरलेल्या माद्या थोड्या असतील, तर एकेक मादी जास्त मोलाची. आणि कातकरी वाडीवरच्या ज्या बाईच्या घरी जूनमध्ये मजुरी नसते, तिला आम्ही कोणत्या तोंडाने सांगू की मासा धरू नकोस? वलगण बंद करा, असं आमचं म्हणणंच नाही.

आम्ही गटांपुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली रात्र मासा चढू द्यायचा. सापळा लावताना ओढ्याची एक बाजू मोकळी ठेवायची. आणि पाणी उतरताना खाचरांतून परत जाणारी बोटभर पिल्लं बारीक जाळ्याने गोळा करायची नाहीत. पहिल्या रात्रीवर बैठकीत बराच वाद झाला. आम्ही सोडले आणि खालच्या वाडीने धरले तर? प्रश्न रास्त आहे. म्हणून एका ओढ्यावरच्या सगळ्या वाड्यांच्या गटांनी मृगाआधी एकत्र बसायला हवं. तुमच्या ओढ्यावर कोणकोणत्या वाड्या आहेत, ते पुढच्या बैठकीला लिहून आणा.