स्कूबा सिलिंडर : तपासणी आणि लेबले

पाण्याखाली श्वसनासाठी पाठीवर घ्यायच्या उच्चदाब सिलिंडरची झीज, गंज व तडे शोधणे, आणि सिलिंडरची अवस्था व त्यातला वायू यांची नोंद त्याच्याच अंगावर करणे. सर्वाधिक वापरातले सिलिंडर ॲल्युमिनियमचे असून ते ‘ॲल्युमिनियम ८०’ या नावाने ओळखले जाते. त्याचे आतले आकारमान ११.१ लिटर, कामाचा दाब २०७ बार (३,००० पीएसआय) आणि रिकाम्याचे वजन सुमारे १४ किलो असते. पूर्ण भरल्यावर त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची सिलिंडरेही वापरात आहेत.

सिलिंडरवरच्या नोंदी दोन जातींच्या असतात. धातू धड आहे, ही नोंद मालकाने स्वतःच केली तर हवा भरून देणाऱ्या केंद्रात तिला सहसा किंमत मिळत नाही. तिथे प्रशिक्षित तपासनिसाची किंवा मान्यताप्राप्त चाचणीगृहाची खूण लागते. आत कोणता वायू आहे, ही नोंद मात्र ज्याच्या पाठीवर ते सिलिंडर जाणार त्यानेच करायची असते, आणि तिथे दुसऱ्याच्या सहीवर विसंबणे धोक्याचे. नवखे मालक बरेचदा याच्या नेमके उलट वागतात.

खांद्यावरचे ठसे : मानेखालच्या उतरत्या भागावर, म्हणजे खांद्यावर, निर्मात्याने कायमचे ठसे ठोकलेले असतात. अमेरिकी सिलिंडरवरच्या ‘डीओटी-३एएल३०००’ या ठशातून तिथल्या परिवहन खात्याचे मानक, जोडविरहित ॲल्युमिनियम आणि पीएसआयमधील दाब कळतो. पोलादासाठी ‘३एए’ असते. पोलादी सिलिंडरवर चाचणीच्या तारखेपुढे अधिकचे चिन्ह असल्यास ते दहा टक्के जादा दाबापर्यंत भरता येते. शेजारी अनुक्रमांक, निर्माता आणि पहिल्या चाचणीचा महिना व वर्ष असते. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीवर ‘बी-२७’ वाचले की पुढची चाचणी एप्रिल ते जून २०२७ मध्ये आहे हे कळते. स्कूबा सिलिंडरवर मात्र झालेल्या चाचणीची तारीख असते. पुढची मुदत वाचणाऱ्याने मोजायची. नवे ठसे चाचणीगृहच ठोकते. मालकाने अंगावर नाव कोरणे किंवा पंचने खूण मारणे म्हणजे दाब पेलणाऱ्या भिंतीत स्वतःच खाच पाडणे. नावासाठी रंग किंवा स्टिकर पुरतो, आणि तोही ठसे झाकणार नाही अशा जागी.

मुदती देशागणिक बदलतात. अमेरिकेत जलदाब चाचणी दर पाच वर्षांनी कायद्याने बंधनकारक आहे. वर्षातून एकदा आतून-बाहेरून पाहणी ही तिथल्या पाणबुड्यांच्या व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त. ब्रिटनमध्ये पाहणी अडीच वर्षांनी आणि जलदाब चाचणी पाच वर्षांनी होते. ऑस्ट्रेलियात दर वर्षी चाचणी लागते. भारतात हा विषय २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतो. सिलिंडरचा प्रकार आणि चाचणीगृह या दोहोंना ‘पेसो’ची, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. परदेशातून आणलेल्या सिलिंडरावर तिथला ठसा कितीही ताजा असला तरी ही अट सुटत नाही. तारकर्ली-मालवणला किंवा गोव्याच्या ग्रांदे बेटापाशी डुबकी मारणारा पर्यटक केंद्राचेच सिलिंडर वापरतो. त्यानेही बांधण्यापूर्वी खांद्यावरची तारीख वाचावी. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

जलदाब चाचणीत सिलिंडर पाण्याने भरून पाण्याच्याच बंद पिंपात ठेवतात आणि कामाच्या दाबाच्या ५/३ पट, म्हणजे ३,००० ऐवजी ५,००० पीएसआय दाब देतात. सिलिंडर किंचित फुगते आणि दाब काढल्यावर बहुतांश पूर्ववत होते. न परतलेली वाढ एकूण वाढीच्या दहा टक्क्यांहून जास्त भरली तर ते बाद. ही चाचणी भिंतीचा एकंदर लवचीकपणा सांगते. मानेतला सुरुवातीचा बारीक तडा तिच्यातून निसटू शकतो. म्हणूनच डोळ्यांनी पाहणे उरते.

बाहेरची पाहणी : ही मालकाला केव्हाही करता येते आणि त्याने ती करावीच. बुडाचा प्लॅस्टिकचा बूट आणि अंगावरची जाळी काढल्याखेरीज तिला अर्थ नाही, कारण खारे पाणी तिथेच साचते. पोलादावर लाल गंज आणि खड्डे, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि रंगाखालचे फोड शोधायचे. स्टिकरच्या कडेखालीही ओल धरते. ओरखडे, ठोकर लागून पडलेले खोलगट भाग, बेल्टच्या पट्ट्याखालची झीज पाहायची. खड्ड्यांची रांग लागली असेल तर ती सुट्या खड्ड्यांपेक्षा गंभीर समजतात. रंग जळल्याची किंवा भट्टीत भाजून रंगवल्याची खूण दिसली तर सिलिंडर सरळ चाचणीगृहाकडे न्यावे: ॲल्युमिनियमचे बळ उष्णतासंस्काराने आलेले असते आणि सुमारे १७७ अंश सेल्सियसपलीकडे तापल्यास ते कमी होते. वरचा रंग नंतर कितीही छान दिसो.

उघडणे : येथून पुढचे काम प्रशिक्षणाशिवाय करू नये. झडपेच्या २५ मिलिमीटर व्यासाच्या बुडावर २०७ बार दाबाने सुमारे एक टन भार येतो. सिलिंडर सावकाश रिकामे करतात, पण फुसफुस थांबली म्हणजे दाब संपला असे नव्हे. झडपेखालची नळी गंजाच्या कणांनी बुजली असेल तर आत दाब असूनही झडप गप्प राहते. हवा खरोखर पूर्ण बाहेर पडली आहे याची खात्री करूनच आटे सोडवायचे, आणि ते अपेक्षेपेक्षा घट्ट लागले तर हात आवरायचा.

आत दिवा सोडून भिंत, बूड आणि आरशाने मानेचे आटे पाहतात. पोलादी सिलिंडरात पाण्याचा थोडासा अंशही वाईट. उच्च दाबात ऑक्सिजन दाटीने असल्याने गंज झपाट्याने चढतो आणि तो चढताना आतला ऑक्सिजन वापरला जातो. वर्षानुवर्षे भरून ठेवलेल्या अशा सिलिंडरातली हवा श्वासाला अपुरी ठरू शकते, आणि तिचा वास वा चव हे सांगत नाही. पाणी शिरण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे समुद्रात पूर्ण रिती केलेली टाकी. म्हणून सिलिंडरात थोडा दाब राखून वर यायचे.

ॲल्युमिनियमच्या मानेला वेगळाच इतिहास आहे. ६३५१ या मिश्रधातूच्या जुन्या सिलिंडरांत सततच्या भाराखाली मानेच्या आट्यांपाशी तडे जातात, आणि वर्षे लोटल्यावर काही सिलिंडरे भरताना फुटली आहेत. लक्सफर कंपनीने अमेरिकेत १९८८ मध्ये हा मिश्रधातू सोडून ६०६१ घेतला. कॅटालिनाची सिलिंडरे प्रथमपासूनच ६०६१ ची. मिश्रधातूचे नाव खांद्यावर सहसा नसते, ते निर्माता व तारखेवरून ओळखावे लागते. अमेरिकेत ६३५१ च्या स्कूबा सिलिंडरांच्या दर पाच वर्षांच्या चाचणीत मानेची एडी करंट तपासणी सक्तीची आहे. बरीच केंद्रे मात्र तपासलेलीही भरत नाहीत. भरणारा माणूस सिलिंडरच्या शेजारी उभा असतो हे ध्यानात घेता, त्या नकाराला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

झडप पुन्हा बसवताना आट्यांचे माप दोन्हीकडे वाचावे. मेट्रिक ‘एम २५ × २’ मापाची झडप पाऊण इंची मानेत काही फेरे बसते आणि बसल्यासारखीही वाटते. दाब चढला की ती गोळीसारखी सुटते. ओ-रिंग दर वेळी नवी घालतात. नायट्रॉक्ससाठी, म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणासाठी, शुद्ध ऑक्सिजन थेट सिलिंडरात सोडून मिश्रण करायचे असेल, तर आत तेलाचा लवलेशही चालत नाही. तसे सिलिंडर ऑक्सिजनसाठी वेगळे स्वच्छ करून त्यावर तशी खूण लावतात.

वायूचे लेबल : साध्या हवेपुरती डुबकी असेल तर हा भाग लहान आहे. मिश्रणे आली की सगळ्यात महत्त्वाचा. नायट्रॉक्सच्या सिलिंडरावर हिरवा-पिवळा पट्टा असतो, पण पट्टा फक्त जात सांगतो, प्रमाण सांगत नाही. युरोपीय मानकात खांदाही रंगवतात : ऑक्सिजनला पांढरा, श्वसनाच्या हवेला काळा-पांढरा. प्रमाण पाणबुड्या स्वतः मोजतो. विश्लेषक आधी हवेत २०.९ टक्क्यांवर लावून घ्यायचा, मग सिलिंडरातून मंद झोत सोडून आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचे. त्याच क्षणी, सिलिंडरापासून न हलता, चिकटपट्टीवर लिहायचे : ऑक्सिजनची टक्केवारी, हीलियम असल्यास त्याचीही, दाब, तारीख, मोजणाऱ्याची सही आणि कमाल खोली.

कमाल खोली काढायला ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या मर्यादेला, म्हणजे १.४ बारला, ऑक्सिजनच्या अंशाने भागून एक वजा करतात आणि दहाने गुणतात. ३२ टक्क्यांना ती ३३ मीटरच्या थोडी पुढे, ३६ टक्क्यांना २९ मीटरच्या किंचित अलीकडे येते. वर येताना थांब्यांवर घ्यायच्या वायूंसाठी १.४ ऐवजी १.६ धरतात : ५० टक्क्यांना २२ मीटर, शुद्ध ऑक्सिजनला ६ मीटर. ५० टक्क्यांचे सिलिंडर चुकून ३० मीटरवर तोंडाला लावले तर ऑक्सिजनचा आंशिक दाब २.० होतो. अशा वेळी पूर्वसूचना न देता आकडी येऊ शकते, तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. अशा अदलाबदलीने अनुभवी पाणबुडेही गेले आहेत. म्हणून गुहेत किंवा खोल जाणारे लोक कमाल खोलीचा एकच आकडा मोठ्या अक्षरांत सिलिंडरच्या अंगावर दोन्ही बाजूंना लिहितात. तो आकडा जोडीदाराला वाचता यायला हवा, कारण वायू बदलताना खात्री तोच करतो. टक्केवारी आणि सही मानेजवळच्या लहान पट्टीवर राहिली तरी चालते. नवा भरणा झाला की जुनी पट्टी काढून टाकायची. दोन पट्ट्या असलेले सिलिंडर लेबल नसलेल्यासारखेच धरतात आणि पुन्हा मोजतात.

बाद झालेले सिलिंडर : अमेरिकेत चाचणीगृह अशा सिलिंडरच्या मानक-ठशावर फुल्यांची ओळ ठोकते किंवा बाद असल्याचे शब्द ठोकते आणि मालकाला लेखी कळवते. मालकाची संमती असल्यास ते कापून किंवा भोक पाडून पुन्हा दाब धरणार नाही असेही करता येते. ही संमती नाकारून सिलिंडर आठवण म्हणून घरी ठेवणारे मालक आहेत. त्यांनी निदान झडप काढून ठेवावी. बुडाकडून कापलेली जुनी सिलिंडरे डुबकी केंद्रांत घंटा म्हणून टांगलेली दिसतात.