अबू झैद बल्खी ते पुणे विद्यापीठ : मनाच्या शास्त्राचा प्रवास

माझी फूफी न्हावऱ्यातच दिलेली होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती बोलेनाशी झाली. बाळ रडलं तरी उठायची नाही, चुलीपुढे नुसती बसून राहायची. घरच्यांनी निदान केलं, 'बाहेरचं आहे'. मग तावीज झाला, दर्ग्यावरचे गुरुवार झाले, शेजारच्या काकूंनी सांगितलेला देवऋषीही झाला. यात दोन वर्षं गेली. शेवटी माझ्या अब्बांनी तिला पुण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत फूफी पुन्हा भाकरी थापू लागली. पण 'हिला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं' हे तिला कायमचं चिकटलं. मुलीचं लग्न जमवताना तेच आडवं आलं.

गेल्या वर्षी तिची मय्यत झाली. दफन करून परतताना एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले, "हे मानसशास्त्र वगैरे इंग्रजांचं खूळ. आपल्यात असलं काही नव्हतं." त्या वेळी वाद घालणं बरं दिसलं नसतं. म्हणून आज लिहितो आहे.

आपल्यात काय होतं, ते आधी पाहू. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख प्रांतात नवव्या शतकाच्या मध्यावर अबू झैद बल्खी जन्मले. बगदादला जाऊन ते तत्त्वज्ञ अल-किंदी यांच्याकडे शिकले. त्यांच्या अरबी ग्रंथाचं नावच 'मसालिह अल-अब्दान वल-अनफुस' असं आहे, म्हणजे शरीरांचं आणि मनांचं हित. हकीम मंडळी शरीरावर भरपूर लिहितात, मनाच्या दुखण्यांकडे मात्र दुर्लक्ष करतात, ही त्यांची तक्रार होती. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले. एकाचं कारण माणसाला ठाऊक असतं, जसं जवळचं माणूस जाणं किंवा नुकसान होणं. दुसऱ्याचं कारण त्याला सांगता येत नाही. पहिल्यावर विचारांचा आणि समजुतीच्या बोलण्याचा उपाय करावा. दुसऱ्याचं मूळ शरीरात असतं, तिथे शरीरावर इलाज करावा, असं ते सांगतात. घरात जशी औषधं जपून ठेवतो, तसे बरे असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, असाही त्यांचा सल्ला आहे. फूफीचं दुखणं त्यांच्या कोणत्या प्रकारात बसतं, हे सांगायला नको.

बल्खी एकटे नव्हते. कैरवानच्या इसहाक इब्न इमरान यांनी मालीखोलिया या आजारावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं; अकराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेलं. इब्न अल-हैसम यांनी कैरोत प्रकाश आणि दृष्टीवर लिहिताना दाखवलं की डोळ्यात प्रकाश शिरला म्हणजे पाहणं पूर्ण होत नाही. आठवण, तुलना आणि निष्कर्ष यांचंही काम त्यात असतं. दमास्कसचा नूरी दवाखाना 1154 मध्ये आणि कैरोचा कलाऊनचा दवाखाना 1284 मध्ये उभा राहिला. अशा दवाखान्यांत, ज्यांना मारिस्तान म्हणत, मनोरुग्णांनाही जागा होती. एदिर्नेच्या दवाखान्यात पाण्याचा आवाज आणि संगीत उपचाराचा भाग होते.

भाषेतली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. 'मजनून' या शब्दाचा मूळ अर्थ जिन्नाने झपाटलेला. म्हणजे आपला 'बाहेरचं लागलेला' माणूस. मक्केतल्या विरोधकांनी खुद्द पैगंबरांना (स.) मजनून म्हटलं होतं आणि कुराणाने ते खोडून काढलं. ज्यांच्या नबींवर हा शिक्का मारला गेला, त्यांनीच तो आपल्या लेकीसुनांवर मारावा?

पण म्हणून 'मानसशास्त्र मुसलमानांनीच शोधलं, युरोपने ते चोरलं' असं मी म्हणणार नाही. ती फुशारकी झाली. बल्खींकडे निरीक्षण होतं, करुणा होती, मोजमाप नव्हतं. ते काम एकोणिसाव्या शतकात जर्मनीत झालं. 1850 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. हा वेग मोजताच येणार नाही, असं तोवर मानलं जाई. 1879 मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली. दिवा दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत माणसाला किती वेळ लागतो, असे साधे प्रयोग तिथे होत. एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 मध्ये छापला. प्रयोग असा लिहायचा की दुसऱ्याला तो पुन्हा करून पाहता यावा, चुकीचा असेल तर चूक दाखवता यावी. मनाचा अभ्यास शास्त्र झाला तो या अटीमुळे.

हे शास्त्र आपल्याकडे यायला फार उशीर झाला नाही. 1916 मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, 1924 मध्ये म्हैसूरला. मराठी मुलापर्यंत ते पोचवलं डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 मध्ये आलं. पॅरिसच्या मुलाला विचारलेला प्रश्न आपल्याकडच्या मुलाला तसाच विचारून चालणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या माझ्यासारख्याला याचं मोल जास्त कळतं. चाचणीची भाषा परकी असेल, तर मुलाची बुद्धी मोजली जाते की त्याचं घर, हा प्रश्न उरतोच.

1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी प्रा. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. 1962 मध्ये मानसशास्त्राचेच अभ्यासक असलेल्या आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञानप्रबोधिनी काढली. म्हणजे फूफी तावीज बांधत होती, तेव्हा न्हावऱ्याहून एसटीने काही तासांवर या शास्त्राचा विभाग कित्येक वर्षं चालू होता. वर्गात आणि परीक्षेत आलेलं शास्त्र चुलीपर्यंत आलं नव्हतं.

याचा दोष फक्त गावाला देता येत नाही. इंग्रजांनी 1912 मध्ये केलेल्या कायद्याचं नावच वेडेपणाचा कायदा होतं. त्याचा रोख इलाजापेक्षा कोंडून ठेवण्यावर होता. तो बदलायला 1987 उजाडलं. लोक दवाखान्याच्या भिंतींना घाबरले आणि दर्ग्याच्या उघड्या दारात गेले, यात नवल नाही. पण तिथेही साखळ्या निघाल्या. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवलेल्या एका जागी आग लागली. साखळीने बांधलेले 25 हून अधिक जण पळता न आल्याने जळून मेले. वलींच्या नावाने आलेल्यांना बेड्या घालणं कोणत्या शरियतमध्ये बसतं?

आज कायदा स्पष्ट आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधून मारणं गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळी घालायला मनाई केली आणि सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला. 14416 हा टेलिमानसचा फोन क्रमांक 2022 पासून सुरू आहे. घरबसल्या मोफत बोलता येतं.

दुआ सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. फूफी शेवटपर्यंत दर गुरुवारी दर्ग्यावर जायची आणि रात्रीची गोळीही चुकवायची नाही. ज्याला इलाज नाही असा आजार अल्लाहने उतरवला नाही, या आशयाची हदीस आपण तापाला, साखरेला, हृदयाला लावतो. मनाच्या आजाराला ती लागू नाही, असं कुठे म्हटलंय?

त्या वडीलधाऱ्यांना माझं उत्तर एवढंच. चाचा, आपल्यात हे होतं. आपण विसरलो, आणि त्याची किंमत फूफीने दोन वर्षं मोजली. तिचं जे बाळ तेव्हा रडत होतं, तेच आज सांगतं की आई बोलायला लागली तेव्हा मी चालायला शिकलो होतो.