पांढरीतले माळवे

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत असलेल्या मुरुमच्या शेतीचा इतिहास लिहायचा झाल्यास ज्वारी, तूर आणि अलीकडचा ऊस यांची माहिती महसुली कागदांतून मिळते. परंतु घरामागच्या परड्यात चैत्र-वैशाखात निघणाऱ्या भाजीला त्या कागदांत जागाच नव्हती, आणि त्याचे कारण जमिनीकडे पाहण्याच्या जुन्या रीतीत आहे. दख्खनच्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात. 'काळी' म्हणजे पिकाची, सारा भरणारी जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. सारा काळीवर बसे, परडे मात्र पांढरीत असे. त्यामुळे निजामाच्या राजवटीतली आकारणी असो की 17 सप्टेंबर 1948 रोजी ती राजवट संपल्यानंतर, 1954-55च्या सुमारास हैदराबाद राज्यात झालेली खासरा पाहणी असो, मोजणी करणाऱ्याची नजर परड्यापर्यंत पोहोचण्याचे काही कारण नव्हते.

वास्तविक भाजीसाठी पांढरीच अधिक कसदार होती. ढासळलेल्या भिंतींची माती, चुलीची राख, शेण आणि केरकचरा पिढ्यान्‌पिढ्या मिसळून ती इतकी सकस होई, की शेतकरी ती खणून, गाडीत भरून काळीत खत म्हणून पसरीत. याच मातीत घरचे 'माळवे' पिके. वांगी, गवार, भेंडी, दोडका अशा ताज्या भाजीपाल्याला या भागात माळवे म्हणतात, आणि हा शब्द मळ्याशी नाते सांगतो. मळा विहिरीवर, मोटेवर चाले: बैल चामड्याची मोट ओढीत, पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडीत पडे, तेथून पाटाने वाफ्यांत जाई. परड्याला असे काहीच लाभत नसे. साधारण साडेसातशे मिलिमीटर पावसाच्या, काळ्या पाषाणाच्या या मुलखात उन्हाळ्यात आड तळाला जात, आणि तरीही परडे हिरवे राही ते न्हाणीच्या पाण्यावर. अंघोळीचे आणि भांडी घासल्याचे पाणी एका चरातून मागे जाई. चराच्या तोंडाशी अळू किंवा केळ, पुढे तांदुळजा आणि घोळ, आणि ओल जेथे जेमतेम पोहोचे तेथे गवारीसारखे काटक पीक अशी मांडणी अनुभवातून ठरलेली असे. एकच पाणी दोनदा वापरण्याची ही व्यवस्था घरातल्या बायकांनी उभी केली आणि चालवली. तिला शेतीशास्त्राच्या इतिहासात स्थान मिळाले पाहिजे.

महाशिवरात्रीच्या सुमारास टोकलेली भेंडी आणि गवार दीड-दोन महिन्यांत तोडणीला येई, शेवग्याच्या शेंगा त्याआधीच लोंबू लागत, आणि याच दिवसांत काढलेला लसूण जुड्या बांधून आढ्याला टांगला जाई. अक्षय्य तृतीयेला 'आळी घालीत', म्हणजे खड्डे करून त्यांत भोपळा, दोडका, कारले यांच्या बिया लावीत. अशा रीतीने एका हंगामाची तोडणी आणि दुसऱ्याची लावणी एकाच पंधरवड्यात येई. मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, हिवाळी शेंगा-भाज्यांची भज्जी शेतात नेऊन वाढली जाते. उन्हाळी माळव्याच्या वाट्याला असा मानाचा दिवस आला नाही, याची खंत वाटते.

या भाज्यांचा भूतकाळ बराच लांब जातो. मुरुमच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर असलेले कल्याणी, आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती आणि तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात शाकभाज्यांचाही विचार आहे. त्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती. तिखटपणा मिऱ्याचा होता. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात आली, आणि आज परड्यातले सर्वांत जुने रोप वाटावे इतकी ती घरची झाली. भेंडी आणि चवळी यांचे मूळ आफ्रिकेकडे, तर वांगे, काकडी आणि दोडका येथलेच.

तोडणीपेक्षा साठवणीचे काम मोठे होते. कोवळ्या गवारीची देठे काढून, शेंगा किंचित वाफवून मिठाच्या ताकात मुरवीत आणि माळवदावर जुन्या धोतरावर एकेक सुटी करून पसरीत. दोन-तीन कडक उन्हांत ती कुरकुरीत वाळे आणि आषाढात भाजी मिळेनाशी झाली की तेलात तळून भाकरीबरोबर येई. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर. बियाणासाठी एखादा दोडका वेलावरच वाळू देत, आणि भोपळ्याच्या बिया शेणात कालवून भिंतीवर थापीत, म्हणजे त्यांना कीड लागत नसे.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपात हीच जड माळवदे आणि दगड-मातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या आणि आठ हजारांच्या आसपास जीव गेले. उमरगा तालुक्यानेही तो आघात सोसला. त्यानंतर छपरे स्लॅबची झाली, ते योग्यच झाले. न्हाणीचे पाणी गटारात गेले आणि परड्याच्या जागी खोल्या उठल्या. बियाणेही बदलले: परभणीच्या कृषी विद्यापीठाने 1985मध्ये दिलेल्या 'परभणी क्रांती' या भेंडीच्या वाणाने पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड दिले, हा तिचा मोठा उपकार, पण घरचे बी राखण्याची गरज त्याच काळात ओसरत गेली.

ज्यांनी माळवदावर गवार वाळवली आणि शेणात बिया थापल्या, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. महसुली दप्तराने जे टिपले नाही ते त्यांच्याकडून टिपून घेण्याचे काम गावातल्या शाळा-महाविद्यालयांनी याच उन्हाळ्यात हाती घ्यावे.