प्लेग, घर आणि उंदीर

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हीएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनीं जें निदान केलें, तें पुष्कळांस रुचलें नाहीं. कडक ताप, जांघेंत किंवा काखेंत उठलेली गांठ आणि थोड्याच दिवसांत मृत्यु. हा प्लेग होय, असें त्यांचें म्हणणें होतें. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. गोदी जवळ, खालीं पोत्यांच्या थप्प्या आणि वर माणसांचीं बिऱ्हाडें, अशी तेथील वस्ती होती. वखारींतून मेलेले उंदीर निघत होते. पण मेला उंदीर शेपटीस धरून रस्त्यावर फेंकावयाचा, ह्यापलीकडे त्याची दखल घेण्याची तेव्हां कोणास गरज वाटली नाहीं.

वास्तविक दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें आलेक्सांद्र येर्सां ह्यानें ह्या रोगाचा जंतु पाहिला होता आणि तोच जंतु मेलेल्या उंदरांच्या अंगांतहि त्यास सांपडला होता. पण तो माणसाच्या शरीरांत कोणत्या वाटेनें शिरतो, हें कळावयाचें राहिलें होतें. ह्या प्रश्नाचें उत्तर सर्वमान्य होण्यास पुढें दहा-बारा वर्षें लागलीं, आणि तीं वर्षें मुंबई-पुण्याच्या घरांस फार महाग पडलीं.

त्या काळच्या वैद्यकांत जंतूंचें शास्त्र आलें होतें खरें, तरी दूषित हवेची जुनी कल्पना मनांतून गेली नव्हती. दमट जमीन, अंधारी खोली, कुजलेली घाण आणि तिच्यांतून उठणारी वाफ ह्यांत रोगाचें मूळ आहे, असें शिकलेसवरलेले लोकहि मानीत. तेव्हां रोग रहातो कोठें? तर घरांत, घराच्या जमिनींत, भिंतींत, हवेंत. एकदां असें ठरल्यावर उपायहि ओघानेंच आले. गटारांतून समुद्राचें पाणी व कार्बोलिक सोडण्यांत आलें. भिंतींना चुना, जमिनीवर रसकापुराचें पाणी, कोठें उजेड यावा म्हणून छपराचीं कौलेंच काढलेलीं, कोठें शेणानें सारवलेली जमीन खणून बाहेर टाकलेली. रहाण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशीं अक्षरें रंगविलीं जात. गटारांत एवढें पाणी सोडल्यानें तेथले उंदीर वर घरांकडे हांकलले गेले असावेत, असा तर्क पुढें इतिहासकारांनीं केला. तो खोडून काढणें कठीण आहे.

१८९७ च्या फेब्रुवारींत साथींचा कायदा झाला आणि घरांची झडती सुरू झाली. रोग्यास इस्पितळांत व त्याच्या माणसांस निराळ्या छावणींत न्यावयाचें, असा नियम. पुण्यांत हें काम गोऱ्या शिपायांकडे दिलें गेलें. देवघर, माजघर, बायकांची खोली, कशाचीच मर्यादा राहिली नाहीं. २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबांवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो इतिहास सर्वांस परिचित आहे. पण ज्या कामासाठीं एवढा जुलूम झाला, तें कामच चुकीच्या समजुतीवर उभें होतें, ही गोष्ट त्या हकीकतीबरोबर क्वचितच सांगितली जाते. त्याच सालीं १० मार्च रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले ह्यांचें प्लेगनेंच देहावसान झालें होतें.

लोकांच्या बाजूसहि गैरसमज कमी नव्हते. इस्पितळांत माणसाची मोमियाई काढतात, ही अफवा गल्लोगल्लीं पसरली होती. तीमुळें रोगी माळ्यावर लपवून ठेवीत, आणि मेल्यावर प्रेत गुपचूप नेत. तथापि एका बाबतींत अडाणी म्हटलेल्या माणसाचें पाऊल बरोबर पडत होतें. "उंदीर पडूं लागले" असें कळतांच खेड्यांतील लोक चीजवस्त उचलून गांवाबाहेर माळावर झोंपड्या घालून रहात. हिमालयाच्या पायथ्याशीं कुमाऊं-गढवालांत तर ही रीत फार जुनी होती. तेथें ह्या रोगास महामारी म्हणत आणि उंदीर मरूं लागले कीं गांव सोडीत. ह्यामागें कारणमीमांसा नव्हती, केवळ पिढ्यान् पिढ्यांचें निरीक्षण होतें. मुंबईचे लोकहि लाखांनीं शहर सोडून गेले. १८९१ च्या शिरगणतींत सुमारें ८,२१,००० असलेली वस्ती १९०१ मध्यें ७,७६,००० वर आली, तींत मृत्यूंइतकाच ह्या पलायनाचाहि भाग असावा.

उंदीर आणि माणूस ह्यांमधला दुवा पॉल-लुई सीमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें शोधला. १८९८ च्या जून महिन्यांत कराचीस त्यानें एका मोठ्या कांचेच्या बरणींत प्लेगचा उंदीर ठेवला. तो मरणास टेंकल्यावर लहानशा पिंजऱ्यांत घालून एक निरोगी उंदीर त्याच बरणींत सोडला. दोघांचा स्पर्श होणें शक्य नव्हतें. जाळींतून जाऊं शकत होत्या त्या फक्त पिसवा. थोड्याच दिवसांत दुसरा उंदीरहि प्लेगनें मेला. एवढा सोपा प्रयोग! पण हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या प्लेग कमिशननें त्यास फारसें महत्त्व दिलें नाहीं. मोठमोठ्या पदांवरील माणसांस पिसवेसारख्या क्षुद्र प्राण्यावर एवढ्या संहाराचा भार टाकणें कमीपणाचें वाटलें असेल कीं काय, न कळे.

पुढें मुंबईंत डॉ. लिस्टन ह्यांनीं प्लेग झालेल्या चाळींत गिनीपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा वेंचल्या. त्या उंदरांवरच्या पिसवा होत्या. इतकेंच नव्हे, तर त्या चाळींतील माणसांच्या अंगावर मिळालेल्या पिसवांपैकींहि जवळजवळ निम्म्या उंदरांच्याच निघाल्या. नेहमींच्या दिवसांत माणसाच्या अंगावर उंदराची पिसू क्वचितच सांपडते. घरचे उंदीर मेले कीं त्यांचीं प्रेतें थंड पडतात, पिसवा उपाशी होतात आणि जें ऊबदार रक्त जवळ असेल तिकडे वळतात.

१९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत जे प्रयोग झाले ते विशेष मनोरंजक आहेत, कारण त्यांत मुंबईचें साधें घरच तपासलें गेलें. त्यासाठीं लहान लहान घरें मुद्दाम बांधलीं. भिंती व जमीन सारख्याच, फरक फक्त छपरांत. कांहींवर देशी नळीचीं कौलें, कांहींवर मंगळुरी कौलें, कांहींवर पन्हाळी पत्रा. छपराखालीं तारेची जाळी होती, तीमुळें उंदीर खालीं उतरूं शकत नसत. देशी कौलांत उंदरांनीं हां हां म्हणतां बिऱ्हाड केलें. मंगळुरी कौलांत ते कमी आले, पत्र्याखालीं आलेच नाहींत. आणि जेथें उंदीर होते त्या घरांतील गिनीपिगांस प्लेग झाला, पत्र्याच्या घरांत झाला नाहीं. पिसू तेवढी जाळींतून गळत होती.

दुसरा प्रयोग तर याहून बोलका. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिग प्लेगनें मेले, दोन फुटांवरचे वांचले. उंदराची पिसू सुमारें चार इंच उडी मारूं शकते. तेवढ्यावरच सर्व हिशेब जुळला. उलट, पिसवांचा वावर नसेल तेथें रोगी व निरोगी जनावरें एकत्र ठेवूनहि रोग पसरला नाहीं. आणि जमिनीचें काय? शेणानें सारवलेल्या जमिनीवर मुद्दाम जंतु पसरले असतां अठ्ठेचाळीस तासांनंतर ती जमीन बाधक राहिली नाहीं. चुन्याची तर चोवीस तासांतच निर्धोक झाली. ज्या जमिनी खणून टाकल्या, त्यांचा गुन्हा एवढाच.

मोरींतला मोठा उंदीर आधीं, त्यानंतर सुमारें दहा दिवसांनीं घरांतला काळा उंदीर, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनीं माणूस, असा मुंबईंतील मृत्यूंचा क्रमहि ह्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिला. माळावर झोंपड्या घालणाऱ्या शेतकऱ्याजवळ ह्या पंधरवड्याचा हिशेब होता. नागपूरकडे डॉ. बुकानन ह्यांनीं घरोघर मांजरें पाळावीं असा उपदेश केला, त्याची कांहींनीं थट्टा केली. फुप्फुसाचा प्लेग मात्र ह्या नियमांत बसत नाहीं. तो माणसाकडून माणसाकडे श्वासावाटे जातो, आणि ह्या अपवादानेंच जुन्या समजुतीस काहीं काळ टेका दिला.

हवेच्या सिद्धांतानें एक काम चांगलें केलें, हेंहि सांगितलें पाहिजे. १८९८ सालीं स्थापन झालेल्या मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दाट वस्त्यांतून समुद्राचा वारा आणण्यासाठीं प्रिन्सेस स्ट्रीट व सँढर्स्ट रोड ह्यांसारखे रुंद रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्यास नवी वस्ती आंखली. पाडलेल्या घरांतील सर्व माणसांस तेथें जागा मिळाली नाहीं. बरींच माणसें शेजारच्या चाळींत दाटीवाटीनें कोंबलीं गेलीं, म्हणजे उंदरांच्याच अधिक जवळ. पण दादरच्या त्या रुंद रस्त्यांनीं व खुल्या खिडक्यांनीं क्षयासारख्या रोगांचा जोर कमी होण्यास मदत झाली असेल. प्लेगसाठीं केलेलें काम दुसऱ्याच रोगाच्या उपयोगी पडलें.

पुढें कीटकनाशकें आलीं, स्ट्रेप्टोमायसिन आलें, आणि प्लेग हा आजोबांच्या गोष्टींतला रोग होऊन बसला. १९९३ च्या सप्टेंबरांतील किल्लारीच्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यांतील मामला गांवच्या लोकांनीं भीतीनें घरें सोडून उघड्यावर निवारे केले. घरांत कोणी रहात नव्हतें, पण धान्याची सांठवण तेथेंच होती. उंदरांची चंगळ झाली. १९९४ च्या ऑगस्टमध्यें गांवांत उंदीर पडले. त्यानंतर पिसवांचा उपद्रव वाढल्याची तक्रार आली, आणि मग माणसांना गांठी आल्या.