सही आणि साधन : पदार्थविज्ञानवेत्त्यांच्या स्वाक्षरित निबंधांचा संग्रह

नामांकित पदार्थविज्ञानवेत्त्यांच्या सहीचे शोधनिबंध जमविणे हा प्रथमदर्शनी हौशी माणसाचा छंद वाटतो. परंतु अशा कागदाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहावयाचे झाल्यास त्याची पारख कशी करावी, हे शिकविणारी परंपरा सातारा-सांगलीच्या परिसरातच सापडते.

मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याचा मुख्य आधार पटवर्धनांचे दप्तर हा होता. पुढच्याच वर्षी राजवाड्यांनी वाईस सापडलेल्या पत्रांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. साताऱ्यास द. ब. पारसनीस यांनी कागदपत्रे व चित्रे यांचा मोठा संग्रह केला. मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तरही त्यांच्या हाती आले.

या संशोधकांच्या हाताखालून गेलेल्या मोडी पत्रांत मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा असे. शेवटचे ‘बहुत काय लिहिणे’ एवढेच कित्येकदा धन्याचे स्वदस्तुर असे. म्हणून कागद अस्सल की नक्कल, हात कोणाचा, तारीख केव्हाची, आणि तो कोणत्या दप्तरातून आला, हे प्रश्न त्यांना प्रथम विचारावे लागत. वैज्ञानिकाच्या सहीच्या कागदालाही हेच प्रश्न लागू पडतात.

आइन्स्टाइन यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सापेक्षतेवरील १९०५ च्या निबंधाचे मूळ हस्तलिखित त्यांनी जपून ठेवले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात युद्धकर्जाच्या रोख्यांना साहाय्य व्हावे म्हणून त्यांनी तो निबंध छापील प्रतीवरून स्वहस्ते पुन्हा लिहून काढला. १९४४ च्या आरंभी कॅन्सस सिटी येथे त्यासाठी ६५ लक्ष डॉलरच्या रोख्यांची बोली झाली, आणि पुढे तो कागद अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयात गेला. अक्षर निःसंशय आइन्स्टाइन यांचे; तथापि १९०५ मध्ये त्यांची लेखणी कोठे अडखळली, काय खोडले गेले, हे त्यावरून कळणे शक्य नाही. हस्ताक्षर अस्सल, पण कागद नक्कल, अशी ही स्थिती आहे.

उलट, नाव नसलेल्या तरुणाचा कागद कधी मोठे साधन ठरतो. सत्येंद्रनाथ बोस यांनी ४ जून १९२४ रोजी ढाक्याहून आइन्स्टाइन यांना आपला निबंध पाठविला. त्यांनी त्याचे जर्मन भाषांतर करून तो ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक’ मध्ये छापविला. निबंधाची छापील प्रत वाचून प्रकाशकणांच्या गणनेची नवी रीत समजते. परंतु सापेक्षतेवरील निबंधांच्या भाषांतराची अनुमती पूर्वी कलकत्त्याहून मागणारा तो आपणच, ही ओळख बोस यांनी सोबतच्या पत्रात दिली आहे. आज हे पत्र जेरुसलेमच्या आइन्स्टाइन-संग्रहात आहे. निबंध आणि पत्र यांची ताटातूट झाली असती, तर एका विद्वानाने दुसऱ्याच्या दारी कसे पाऊल टाकले, हा इतिहास हरपला असता.

रिप्रिंटाचेही असेच आहे. मुखपृष्ठावरील सही, ‘लेखकाकडून सादर’ असा शेरा, घेणाऱ्याचे नाव, समासातील पेन्सिलीच्या खुणा, यांवरून विचार कोणत्या वाटेने फिरला हे उमगते. सही कापून चौकटीत बसविणारा संग्राहक ही वाट स्वतःच्या हाताने पुसतो.

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये स्थापन झाले. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये. एवढ्या काळात या प्रदेशातील अध्यापकांच्या कपाटांत जे निबंध आणि पत्रे साठली असतील, त्यांची गणना कोणी करावयाची? पारसनिसांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या आश्रयास गेला, म्हणून तो अभ्यासकांना उपलब्ध राहिला. वैज्ञानिकांच्या कागदांनाही असा आश्रय हवा. कोणाकडून, केव्हा आणि कशासोबत आला याची नोंद करून कागद एकत्र ठेवणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही सहज करता येण्यासारखे काम आहे. प्रसिद्ध सहीचे मोल बाजार ठरवील. बिनसहीच्या कागदाचे मोल आपणच वेळीच ओळखले पाहिजे, कारण रद्दीच्या तराजूत दोन्ही सारखेच भरतात.