ब्राउझरमधल्या कासवाची कुळकथा

काशीत मुन्शी घाटाच्या पायऱ्या गंगेत उतरतात, तिथलं पाणी १९८९ पासून २०२० पर्यंत कासवांसाठी राखलेलं होतं. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा कच्छप अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. गोड्या पाण्यातल्या कासवांसाठी राखलेलं ते देशातलं पहिलं अभयारण्य. चंबळेकाठची अंडी आणायची, पिल्लं सारनाथच्या केंद्रात वाढवायची आणि गंगेत सोडायची, असा क्रम होता. गंगा कृती योजनेने या कासवांना कामही नेमून दिलं होतं. घाटांवरून वाहत येणारे अर्धवट जळालेले देह त्यांनी खायचे आणि नदी स्वच्छ ठेवायची.

घाट मात्र आपल्या माणसांचा. नागपूरकर भोसल्यांचे दिवाण श्रीधर मुन्शी यांनी १८१२ च्या सुमारास तो आणि वरचा वाडा बांधला. लागूनच अहिल्याबाईंचा घाट आहे. १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी वाडा घेतला, तेव्हापासून किनाऱ्याचा एक भाग दरभंगा घाट झाला. वाड्यात आता हॉटेल आहे. पायऱ्यांना मात्र अजून मुन्शींचंच नाव आहे.

मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी मी ब्राउझरमध्ये चालणारं एक पान लिहितो आहे. त्यातला पहिला धडा म्हणजे हा घाट चढणं. पानावर एक कासव आहे आणि शेजारी मराठीत आज्ञा लिहायची चौकट. मूल 'पुढे ५०' लिहितं, कासव पन्नास पावलं चालतं आणि मागे रेघ उमटते. हे कासव गंगेतलं नव्हे. त्याचं कूळ इंग्लंडातल्या ब्रिस्टलचं.

ग्रे वॉल्टर हे मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. १९४८-४९ च्या सुमारास त्यांनी दोन यांत्रिक कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. प्रत्येकाच्या पोटात दोन व्हॉल्व्ह, वर प्रकाश ओळखणारा एक डोळा, आणि आपटलं की कळावं म्हणून पाठीचं कवचच स्पर्श ओळखणारं. एवढ्या सामग्रीवर ती उजेडाकडे जात, अडथळा आला की वळसा घालत, बॅटरी उतरली की आपल्या घरट्याकडे परतत. मेंदूतल्या पेशी थोड्या असल्या तरी त्यांच्या जोडणीतून गुंतागुंतीचं वागणं कसं उपजतं, हे वॉल्टरना दाखवायचं होतं. या कासवांना कोणी हुकूम देत नव्हतं आणि त्यांच्याजवळ पेनही नव्हतं.

पेन मिळालं ते अटलांटिकपलीकडे. सीमोर पेपर्ट यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला. ते गणितज्ञ होते. जिनिव्हात काही वर्षं त्यांनी ज्याँ पियाजेंच्या सोबतीने मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास केला आणि मग ते एमआयटीत आले. १९६७ मध्ये वॉली फॉइर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि पेपर्ट यांनी अमेरिकेतल्या केंब्रिजच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली. एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. लोगो आली तेव्हा तिच्यात कासव नव्हतंच. पहिली मुलं तिच्यातून शब्दांशी आणि वाक्यांशी खेळत. शाळेतल्या टेलिटाइप यंत्रावर खटखट टाइप करायचं, दूरच्या कॉम्प्युटरने उत्तर छापून पाठवायचं. वाक्यं उलटी कर, यदृच्छेने कविता जुळव, असले खेळ. कासव दोनेक वर्षांनी आलं, आणि त्याचं नाव वॉल्टरच्या कासवांवरून पडलं. ते जमिनीवर, मोठ्या कागदावर चालणारं यंत्र होतं. पोटाच्या मध्यावर पेन, ते खाली केलं की रेघ उमटे. बहुतेक कासवं तारेने कॉम्प्युटरला बांधलेली असत. अर्विंग नावाचं एक बिनतारीही होतं.

या कासवाची खरी करामत त्याच्या यंत्रात नव्हती, ती त्याच्या भूमितीत होती. शाळेतली भूमिती कागदाकडे वरून पाहते: हा क्ष-अक्ष, हा य-अक्ष, बिंदू अमुक ठिकाणी. कासवाला अक्ष माहीत नसतात. त्याला आपण कुठे आहोत आणि आपलं तोंड कुठे आहे एवढंच ठाऊक. म्हणून अडलेलं मूल कासव होऊ शकतं. उठून उभं राहतं, चार पावलं टाकतं, वळतं आणि आपल्या अंगाला विचारतं, मी आता काय केलं? पेपर्टनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात यावरच सगळा भर दिला आहे. वर्तुळ म्हणजे काय हे शरीराला आधीच ठाऊक असतं: थोडं पुढे जा, थोडं वळ, पुन्हा थोडं पुढे. गणिताच्या शिक्षणात गेल्या शंभर वर्षांत याहून सुंदर कल्पना मला तरी आढळलेली नाही.

पुढचा प्रवास झपाट्याचा झाला. कासव जमिनीवरून पडद्यावर गेलं. घरगुती कॉम्प्युटर आल्यावर ते शाळाशाळांत पोचलं. आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, त्यांत बेसिक भाषा होती. नंतरच्या पिढीला एमएसडब्ल्यू लोगो आठवत असेल. इंग्रजी माध्यमाच्या तिसरी-चौथीच्या पुस्तकांत एफडी १०० (पुढे १००), आरटी ९० (उजवीकडे ९०) असे धडे असत आणि कासव एका छोट्या त्रिकोणाएवढं उरलं होतं. कित्येकांनी त्या आज्ञा पाढ्यांसारख्या पाठ केल्या. उठून उभं राहून वळून पाहायला कोणी सांगितलं नाही, ही मला त्या काळाची मोठी हानी वाटते.

दुसरी शाखा संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांच्यामुळे फुटली. १९६८ साली त्यांनी पेपर्टकडे शिकणाऱ्या मुलांना लोगो लिहिताना पाहिलं आणि मुलांनी बगलेत धरून न्यावा अशा कॉम्प्युटरचं चित्र त्यांच्या मनात पक्कं झालं. त्यातून स्मॉलटॉक ही भाषा आली, तिच्या वंशात स्क्वीक आणि स्क्वीकवर उभं राहिलं २००७ चं स्क्रॅच. एमआयटीतल्या मिचेल रेझ्निक यांच्या गटाने आज्ञांचे रंगीत ठोकळे केले, टाइप करण्याऐवजी एकात एक अडकवायचे. शुद्धलेखनाची चूक होण्याचा प्रश्नच उरला नाही. २०१३ मध्ये स्क्रॅच ब्राउझरमध्ये आलं, पण फ्लॅशवर. फ्लॅशचा शेवट दिसू लागल्यावर ते जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिलं गेलं आणि २ जानेवारी २०१९ ला तिसरी आवृत्ती आली. त्या आवृत्तीत पेन मुख्य यादीतून निघून एक्स्टेन्शनमध्ये गेलं. लहान मुलांसाठी स्क्रॅच उत्तम आहे, माझी तक्रार नाही. पण स्क्रॅचमध्ये कासवाच्या जागी असलेल्या मांजराच्या हातचं पेन असं बाजूला गेलं, आणि त्यासोबत भूमितीही थोडी बाजूला गेली असं मला वाटतं.

महाराष्ट्रात कासव दोन वेगळ्या दारांनी आलं. २००७ मध्ये खैराट या लहान गावच्या शाळेत 'मुलामागे एक लॅपटॉप' योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप पोचले. त्या लॅपटॉपवर टर्टल आर्ट होतं, म्हणजे ठोकळ्यांनी चालवायचं कासव. दुसरं दार आयआयटी मुंबईचं. प्रा. अभिराम रानडे यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सिम्पलसीपीपी नावाची लायब्ररी केली. सी++ मध्ये एरवी नसलेली रिपीट ही आज्ञा त्यांनी तिच्यातून पुरवली आणि पहिल्याच धड्यात विद्यार्थ्याच्या हाती कासव दिलं. देशातली अवघड प्रवेश परीक्षा पार करून आलेली मुलं आधी कासवाला चौकोन काढायला शिकवतात. कासव फक्त लहानग्यांसाठी असतं हा समज खोडायला एवढं पुरे.

आता ब्राउझर. त्याची सोय उघड आहे: काही बसवायचं नाही, शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर किंवा आईच्या फोनवर पान उघडलं की काम सुरू. चित्र काढायला कॅनव्हास हा घटक आहे, ॲपलने तो २००४ मध्ये आणला. कासवाच्या पोटात चारच गोष्टी लागतात: दोन अंक जागेचे, एक दिशेचा, आणि पेन खाली आहे की वर. 'पुढे' म्हटलं की दिशेच्या कोनाचा साइन आणि कोसाइन काढून नवी जागा ठरते. पडद्यावर खाली जावं तसा य वाढतो, म्हणून एक चिन्ह उलटं धरावं लागतं. हे गणित साधन लिहिणाऱ्याचं, मुलाचं नाही. पुण्यात जन्मलेले, नागपुरात शिकलेले बापूदेव शास्त्री १८४२ पासून काशीच्या संस्कृत कॉलेजात गणित शिकवत आणि त्यांनी त्रिकोणमितीवर संस्कृतात पुस्तक लिहिलं. त्यांची त्रिकोणमिती कासवाच्या पाठीखाली झाकून ठेवता येते, हे मला फार आवडतं.

मुन्शी घाटाचा धडा असा आहे. कासवाचं तोंड वर आहे. एक पायरी म्हणजे 'पुढे १० उजवीकडे ९० पुढे २० डावीकडे ९०'. हे दहा वेळा करायचं: 'पुन्हा १० [...]', कंसात तीच आज्ञा. कासव शंभर पावलं वर आणि दोनशे पावलं उजवीकडे जाऊन थांबतं. घाट तयार.

मुलं बहुधा शेवटचं 'डावीकडे ९०' विसरतात. मग काय होतं ते पाहण्यासारखं आहे. कासव दहा वर जातं, वळतं, वीस उजवीकडे जातं. दुसऱ्या फेरीत तोंड अजून उजवीकडेच, म्हणून आणखी दहा उजवीकडे, मग वळून वीस खाली. तिसऱ्यात दहा खाली, वीस डावीकडे. चौथ्यात दहा डावीकडे, वीस वर. पायऱ्या काढायला निघालेलं कासव तीस पावलांच्या बाजूचा चौकोन काढून जिथून निघालं तिथे परत येतं, आणि उरलेल्या फेऱ्यांत त्याच रेघांवर गिरवत राहतं. घाट चढायचा होता आणि झाली प्रदक्षिणा. इथे उत्तर सांगायचं नाही. 'तू कासव हो' एवढंच म्हणायचं. जमिनीवर चालून पाहिलं की चौथ्या वळणाला मुलाला उमगतं, आपण एका पायरीत एकच वळण घेतोय, चारदा वळलं की पूर्ण फेरी होते. ३६० हा आकडा तेव्हा कोणी शिकवलेला नसतो, तो पायांना सापडतो.

यापुढचा प्रश्न घाट उतरायचा. कासवाचं तोंड खाली असलं की त्याची उजवी बाजू आपली डावी होते, आणि खुर्चीत बसलेलं मूल हमखास गोंधळतं. तिथेही उठून पडद्याकडे पाठ करून उभं राहणं हाच उपाय.

म्हणून ब्राउझरमधल्या कासवाने सावकाश चाललं पाहिजे. चित्र एका झटक्यात उमटलं तर चूक कुठे झाली ते दिसतच नाही. याला तांत्रिक कारणही आहे. ब्राउझरचं पान एका वेळी एकच काम करतं. मुलाने न संपणारी आज्ञा दिली तर सगळं पान गोठतं, 'थांब' हे बटणसुद्धा दाबलं जात नाही. म्हणून कासवाने एक पाऊल टाकायचं आणि ताबा ब्राउझरला परत द्यायचा, मग पुढचं पाऊल. मुलाला दिसण्यासाठी जी संथ गती हवी, तीच यंत्राला मोकळं ठेवते.

आज्ञा मराठीत असाव्यात यावर मी ठाम आहे. पण जावास्क्रिप्ट त्याला सहज तयार होत नाही. शब्द ओळखायची तिची जुनी खूण फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे जाणते. युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग वापरून शोधलं तर 'पुढे' मधले प आणि ढ हाती लागतात, उकार आणि मात्रा गळून पडतात, कारण युनिकोडच्या हिशेबी त्या वेगळ्या खुणा आहेत. दोन्ही वर्ग एकत्र मागावे लागतात. ती सोय जावास्क्रिप्टच्या २०१८ च्या प्रमाणकात आली. '५०' या देवनागरी आकड्याला जावास्क्रिप्ट संख्याच मानत नाही. तो वाचण्याआधी बदलून घ्यावा लागतो. शिवाय 'पूढे', 'ऊजवीकडे' असं लिहिणाऱ्या मुलांनाही पुढे जाऊ द्यायचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षा दुसऱ्या तासाला होईलच.

चूक झाल्याचा निरोप कसा द्यायचा, हे मात्र लोगोकडूनच घ्यावं. अनोळखी आज्ञा आली की लोगो म्हणे, हे कसं करायचं ते मला माहीत नाही. दोष मुलाचा नाही, कासवाला अजून शिकवलेलं नाही, एवढंच. माझ्या पानावर कासव म्हणतं: 'चौकोन मला येत नाही. शिकवशील का?' मग मूल लिहितं, 'शिक चौकोन', खाली 'पुन्हा ४ [पुढे ३० उजवीकडे ९०]', आणि शेवटी 'झालं'. त्यानंतर चौकोन ही आज्ञा त्या कासवाला कायमची येते. 'शिक पायरी' झालं की घाट म्हणजे फक्त 'पुन्हा १० [पायरी]'.

शिकवलेले शब्द सध्या त्याच कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये साठतात. शाळेत मात्र पुढच्या तासाला मूल दुसऱ्याच यंत्रावर बसतं आणि कालची पायरी तिथे नसते. त्यासाठी सगळे शब्द साध्या मजकुरात उतरवून देणारं एक बटण घालायचं काम सुरू आहे. ते वहीत लिहून नेता येतील, आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीलाही देता येतील.